शून्याखालची मुदत

विभागात तिला सगळे नन्नाबाई म्हणत. नाव प्रमुखांनीच पाडलेलं, आणि प्रमुख म्हणजे तिचे गुरू. पुंजक्षेत्राचं, म्हणजे क्वांटम फील्डचं, गणित ती त्यांच्याकडेच शिकली होती.

रिकाम्या पोकळीची ऊर्जा शून्य धरली, तरी एखाद्या जागी ती क्षणभर शून्याच्याही खाली उतरू शकते. या ऋण ऊर्जेनं सरांना झपाटलं होतं. ती भरपूर साठवायची आणि तिच्या जोरावर अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा आरपार बोगदा उघडा ठेवायचा, असा प्रकल्प त्यांनी मांडला होता. ऊर्जा किती साठवता येईल, ते काढायचं काम तिच्याकडे आलं. उत्तर प्रकल्पाच्या मुळावर येणारं निघालं. ऊर्जा जितकी खोल उतरेल, तितक्या लवकर तिला वर यावं लागतं. मागोमाग येणारी धन ऊर्जा ती तूट भरून काढते, वर थोडी उरतेही. माणूस जाईल एवढा बोगदा काही उघडा राहत नव्हता.

सरांनी तिला बोलावून गणित फळ्यावर मांडायला लावलं आणि दार लावून घेतलं. "प्रकल्पाच्या बैठकीत एवढा भाग वगळ. पुढचं पुढे बघू."

"पुढेही हेच येणार, सर."

"यासाठी वाढवलं तुला?"

"तपासायला तुम्हीच शिकवलंत. चूक दाखवा, आत्ता फळा पुसते."

सरांनी फळ्यावरची ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना. शेवटी खडू ठेवत म्हणाले, "बैठकीला येऊ नकोस."

ती बैठकीला गेलीच. मागच्या खुर्चीवर बसली आणि प्रश्नांची वेळ येताच उठून सगळं सांगून मोकळी झाली. प्रकल्प बारगळला. पाठोपाठ तिची खोली गेली आणि जिन्याखालची, झाडू-बादल्या ठेवायची जागा वाट्याला आली.

आईनं ती पाहून कपाळाला हात लावला. "एकदा हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"गणित," ती म्हणाली, आणि बादल्या बाहेर काढून तिथे फळा ठोकला.

एका वार्ताहरानं विचारलं, "असे बोगदे कायमचे अशक्य, असं छापू का?"

"नको. माझी सिद्धता सपाट अवकाशापुरती, साध्या क्षेत्रांपुरती आहे. गुरुत्वाकर्षणानं वाकलेल्या, वक्र अवकाशाचं अजून झालेलं नाही." त्यालाही नन्नाच मिळाला.

वक्र अवकाशाचं थोडंफार जमल्यावर तिनं व्याख्यान दिलं. निवृत्त झालेले सर पहिल्या रांगेत येऊन बसले आणि आडवेतिडवे प्रश्न विचारत राहिले. एका प्रश्नाला तिनं सरळ सांगितलं, "हे मला येत नाही."

"मला तर काहीच पटलेलं नाही," सर म्हणाले.

"मग उद्या या जिन्याखाली. भांडू."

सर आले. भांडण संध्याकाळपर्यंत चाललं, आणि माघार कुणीच घेतली नाही.