पाण्याखालून आलेली हाक

आधीच सांगतो, मी कानाचा डॉक्टर. ‘मला आवाज ऐकू येतात’ म्हणणाऱ्याच्या कानातला मळ मी आधी काढतो, कहाणी मागाहून ऐकतो. भुताखेतांशी माझं कधीच जमलं नाही. तरी हे लिहितोय...

१९८४चा ऑक्टोबर, शिकागो. केको नावाची पेशंट तिच्या वडिलांना, मोरी-सानना, माझ्या क्लिनिकमध्ये घेऊन आली. टेस्टसाठी हेडफोन पुढे केला, तर म्हातारबुवा मागेच सरकले.

“सॉरी डॉक्टर,” केको ओशाळून म्हणाली. “युद्धात ते पाणबुडीवर होते. पाण्यातले आवाज ऐकायची ड्यूटी...”

मोरी-सान माझ्याकडे टक लावून बघत होते. मग जपानीत बोलू लागले आणि केको इंग्लिशमध्ये सांगत गेली. “तुम्ही इंडियन ना? तुमच्या देशाच्या पश्चिमेला आम्ही एक मालवाहू बोट बुडवली. ती खाली जाताना माझ्या कानात एका माणसाचा आवाज आला. तीनदा. शेबान्ती... म्हणजे काय?”

“शेवंती असेल. फूल असतं, क्रिसॅन्थेमम.”

केकोनं ते सांगताच म्हातारबुवांनी मान खाली घातली. त्यांच्या सम्राटाचंच फूल ते.

माझे वडील रत्नागिरीकडचे खलाशी. मी दोन वर्षांचा असताना, लढाईत, त्यांची बोट अरबी समुद्रात गडप झाली. ते आठवलं, नाही असं नाही. पण बोटी तर ढिगानं बुडाल्या होत्या. आणि बुडता माणूस फुलाचं नाव कशाला घेईल?

संध्याकाळी घरी आई डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेली मेथी निवडत बसली होती. ‘गेले असं कुणी बघितलंय?’ म्हणत तिनं चाळीस वर्षं कुंकू पुसलं नव्हतं. तिला हे सांगावं की नाही... पण सांगून टाकलं.

तिचा हात थांबला.

“माझं माहेरचं नाव शेवंती. लग्नात बदलून पार्वती केलं. माहेरीसुद्धा सगळे आक्काच म्हणायचे. शेवंती म्हणायचे ते फक्त हे. तेही आसपास कुणी नसताना.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीचा नव्हे. हात जोडावेसे वाटले, पण कुणाला ते कळेना.

“त्यांना विचार ना रे,” आई म्हणाली. “आवाज घाबरलेला होता का?”

सकाळी फोन केला. केकोनं वडिलांना विचारलं. “नाही, डॉक्टर. डॅड म्हणतात, घरी आलेला माणूस दारातून बायकोला हाक मारतो ना, तसा होता.”

पाणबुडीच्या यंत्राला इंजिनं ऐकू येतात, बोटींचे पंखे ऐकू येतात. पण माणसाची हाक, इतकी स्पष्ट? शेवंत्या तर कोकणात घरोघर. बोट वडिलांचीच होती का, हे मोरी-साननाही सांगता आलं नाही. मी पुस्तकं पालथी घातली, जाणकारांना विचारलं... आजतागायत उत्तर नाही.

त्या सकाळी फोन ठेवून मी आईला मोरी-सानचे शब्द सांगितले. ती पदरानं डोळे टिपून म्हणाली, “म्हणजे पोचले म्हणायचे.”