टोपीमागचं दार

मोबाईलवर प्रवासाचा एक कार्यक्रम लागला होता आणि त्यात चक्क बायकोचं माहेर दाखवत होते. मी उत्साहाच्या भरात खाली प्रतिक्रिया लिहून मोकळा झालो, ‘किती शांत गाव! आमची सासुरवाडी!’ समुद्रकाठच्या त्या गावाशी माझा संबंध तळलेल्या बांगड्यापुरता, तरी अनोळखी माणसांनी मला भराभर बदाम पाठवले.

बाकीचे प्रेक्षकही खूश होते. ‘एक माणूस दिसत नाही, स्वर्गच!’ असं एकीने लिहिलं होतं. ते मी बायकोला कौतुकाने वाचून दाखवलं. ती मात्र चालत्या निवेदिकेच्या मागची घरं बघत होती. “काकांचं दार बंद. शालूचंही बंद,” ती पुटपुटली. त्या गावात उजाडताच उघडलेलं पुढचं दार दिवेलागण होईपर्यंत कुणी लोटत नाही. भरदुपारी बंद म्हणजे आत कुणी उरलेलंच नाही. माणसं गेल्यावर जे मागे राहतं, त्यालाच आम्ही पाहुणे शांतता म्हणत असू का?

शेवटचं घर तिच्या दादाचं, आणि नेमकी तिथेच निवेदिकेची भलीमोठी टोपी आडवी आली.

“अगो, सर बाजूला!” बायको मोबाईलवर ओरडली. मग तिने थेट फोनच लावला.

“दादा, दार उघडा आसा मां?”

“उघडाच आसा गो! मी खंय जातलंय?” पलीकडून दादा खेकसला.

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “ते लिहिलंय ते आधी काढून टाका. शांतता म्हणे! दादा आहे तिथे.”