आत्याचा कडू घास

चौसाळ्याची माझी आत्या ठणठणीत आहे. हे आधीच सांगतो, कारण मी तिला एकदा मारलं आहे, तेही दुपारच्या झोपेसाठी. मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. आत्या तेच म्हणून हसते. मला अजून हसता येत नाही.

मास्तरकीतून रिटायर झाल्यावर बीडमध्ये फ्लॅट घेतला. जेवून दोन तास आडवं व्हायचं, एवढीच माझी चैन. अशात शेजारच्या दुकानदाराने संडास फोडायला काढला. सुरू करण्याआधी त्याने घरी येऊन हात जोडले होते. "सर, आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. आता खाली बसता यायचं न्हाई. ती घरी यायच्या आत कमोड बसवायचाय. आठ दिवस सांभाळून घ्या." मी मोठ्या मनाने "घ्या की करून" म्हणालो. ते मन फरशी फोडायचं ब्रेकर मशीन सुरू होईपर्यंतच मोठं राहिलं.

भिंत एकच. तिसऱ्या दिवशी हादरे उशीपर्यंत यायला लागले आणि माझं डोकं सणकलं. मुळात मी तापट. भांडायचंच ठरवून तरातरा गेलो. पण त्याने दार उघडून "या सर, चहा घ्या" म्हटलं आणि माझी पंचाईत झाली. इतक्या गोड माणसाशी भांडायचं कसं? तोंडातून निघून गेलं, "आमची आत्या गेली. सकाळीच माती करून आलो. तीन दिवस तेवढी ही ठोकठोक..."

त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही. आत जाऊन मिस्त्रीला थांबवलं. त्या दुपारी मी गाढ झोपलो.

संध्याकाळी तो आणि त्याची बायको डबा घेऊन दारात. मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात, तो कडू घास. आई गेल्यावर आत्यानेच मला वाढवलं, हे मीच कधीतरी त्यांना सांगितलं होतं. दोघं मान खाली घालून बसले. माझ्या बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, सगळं ओळखलं आणि पाणी आणायला उठली. ते गेल्यावर तिने डबा माझ्यापुढे सरकवला.

"मारली तुमी, आता घास बी तुमीच खा."

खाल्ला. पिठलं चांगलं झालं होतं, याचीच जास्त लाज वाटली.

मिस्त्री काही रिकामा बसला नाही. माजलगावला दुसऱ्या कामावर गेला, तो ठरलेल्या दिवशी फिरकलाच नाही. इकडे आजी, म्हणजे दुकानदाराच्या आई, दवाखान्यातून आल्या, तर कमोड अजून खोक्यातच. दुकानदाराने पुन्हा हात जोडले, "सर, तुमच्याकडं कमोड हाय. काम होईस्तोवर आईला आणलं तर चालंल का?"

मग रोज सकाळी पॅसेजमधून आजींचा वॉकर टक टक करत यायचा. पावलागणिक त्या दात आवळायच्या. तरी माझ्या खुर्चीपाशी थांबायच्या. "लई वाईट झालं गुरुजी. आत्या म्हंजी दुसरी मायच. मी दवाखान्यात व्हते, न्हाई तर तवाच भेटाया आले असते." मी मान हलवायचो. आज सांगायचं, असं रोज ठरवायचो आणि रोज शेपूट घालायचो. मुलांना छडी मारून खरं बोलायला लावणारा मी.

पाचव्या दिवशी आजी आत होत्या आणि आत्याचा फोन आला.

"उद्याच्या एसटीनं येते रे. तुला धपाटे आणते."

"उद्या नको आत्या."

"कावून रे?"

"शेजारी काम काढलंय. लई आवाज हाय. तुला झोप लागायची न्हाई."

तिने कान देऊन ऐकलं. "मला तर कायबी ऐकू येईना."

घरात खरंच चिडीचूप होतं. आजी माझ्या बायकोच्या आधाराने बाहेर आल्या. "कुनाचा फोन?"

"चौसाळ्याहून," मी म्हणालो.

आजींनी एक हात वॉकरवर घट्ट धरला आणि दुसरा पुढे केला. "द्या इकडं. घरातलं मानूस गेलंय त्यांचं. दोन शबूद बोलते."

आत्या "हालो, हालो" करत होती. बायको माझ्याकडे बघत होती. मी फोन आजींच्या हातात दिला.

"बोला आजी. आत्याच हाय."