आतली कडी

आमच्या बाथरूमच्या दाराची आतली कडी बाबांनी एका रविवारी सकाळी काढली. स्टुलावर बसून चार स्क्रू सोडवले, कडी आणि स्क्रू वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळले आणि शोकेसच्या खणात ठेवून दिले. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "थोडे दिवसच." मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. त्याआधीच्या महिन्याभरात त्या बाथरूममध्ये मी दोनदा बेशुद्ध होऊन पडले होते, आणि दुसऱ्यांदा बाबांना खांद्यानं धक्के देत, चौकटीतला कोयंडा उखडून आत यावं लागलं होतं.

कोपरखैरण्यात आम्ही राहायला आलो ते पावसाळ्याच्या तोंडावर. फ्लॅट रीसेलचा होता, दुसऱ्या मजल्यावर. आधीचे लोक जाताना पडद्यांचे रॉड आणि बाथरूममधला गॅस गीझर तसाच सोडून गेले होते. आई त्यावर खूश होती. मी नव्हते. बाथरूमच्या आरशाशेजारी, टाइलच्या कडेला कुणीतरी रोज आंघोळीच्या वेळी काढून चिकटवलेल्या टिकल्या होत्या. टिकल्या आईनं खरवडून काढल्या, पण डिंकाचे गोल राहिले. वाफ धरली की आरसा पुसट व्हायचा आणि ते गोल मात्र स्पष्ट दिसायला लागायचे. एकाखाली एक, अकरा.

पहिल्यांदा काय झालं ते मला नीट आठवतं. केस धुवायचे होते, म्हणून गीझर चालूच ठेवला होता. पाण्याचा आवाज हळूहळू लांब जायला लागला, कुणीतरी नळ उचलून दुसऱ्या खोलीत न्यावा तसा. पाय हलके झाले. भीती अजिबात वाटली नाही, हे मला नंतर सर्वांत भीतीदायक वाटलं. उलट वाटत होतं की मागे कुणीतरी उभं आहे, ते आपल्याला हळूच खाली बसवतंय, आणि त्याला बसवू द्यावं. मग शुद्धीवर आले तेव्हा मी हॉलमध्ये चादरीत होते, आई नाकाशी कांदा धरून होती आणि खालच्या मजल्यावरच्या काकू हातात चप्पल घेऊन उभ्या होत्या.

डॉक्टर म्हणाले, फिट. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी दिवसभर डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं. मी तेव्हा वाशीला एका ऑफिसात टायपिंग करायचे, ते सुटलं. मावशी पुण्याहून येऊन आईला स्वयंपाकघरात घेऊन बसली आणि दबक्या आवाजात सांगत राहिली की हे बाहेर कुठे बोलू नका, मुलीचं सगळं व्हायचंय अजून. मावशीचा दबका आवाज हॉलपर्यंत यायचा.

काकूंनी तर वेगळंच सांगितलं. आधीच्या लोकांची सून होती, नवी नवरी. तिलाही याच बाथरूममध्ये असंच व्हायचं. ही सगळी मिठागराची जमीन, इथे काय काय पुरलेलं असेल कोण जाणे. शेवटी बाहेरचं आहे म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी पोचवलं ते कायमचंच. आई सरकारी नोकरीत होती, असल्या गोष्टींना हसायची. पण दुसऱ्या दिवशी बाथरूमच्या उंबऱ्यावर मला नारळाच्या पाण्याचा चिकट डाग दिसला.

कडी काढल्यावर नियम ठरला. मी आंघोळीला गेले की दार नुसतं लोटून घ्यायचं. आई बाहेर स्टुलावर बसून मेथी किंवा शेंगा निवडणार आणि थोड्या थोड्या वेळानं हाक मारणार. मी "ओ" द्यायची. हे ऐकायला साधं वाटतं. पण तेवीस वर्षांच्या मुलीनं अंगावर पाणी घेताना दर मिनिटाला आपण जिवंत असल्याचं सांगायचं, हे मला सोसत नव्हतं. मला वाटायचं, आता जन्मभर हे असंच. कुठल्याही घरात, कुठल्याही दारामागे मी एकटी असणार नाही. म्हणून मी दाराच्या फटीत टॉवेल घट्ट कोंबून दार पक्कं बसवायचे, निदान कडीसारखं.

तिसऱ्यांदा पडले ती तशीच. कपाळ नळावर आपटून खोक पडली. आई रडत नव्हती, फक्त पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. तिनं तीन हाका मारल्या होत्या आणि तिन्ही वेळा आतून "ओ" आलं होतं. म्हणूनच ती उठली नाही. मला एकच हाक आठवत होती.

त्यानंतर बाबांनी बाथरूम पूर्ण नवीन करायचं ठरवलं. पावसाळ्यात गुळगुळीत होणारी जुनी फरशी काढायची, टोकदार काही ठेवायचं नाही. आम्ही तिघं वाशीला दुकानात गेलो. बाबांनी खरबरीत टाइल्स बघितल्या, गोल तोंडाचा नळ बघितला, भिंतीला धरायचे स्टीलचे दांडे बघितले. दुकानदार गप्पिष्ट होता. त्यानं विचारलं, घरात म्हातारं माणूस आहे का? बाबा म्हणाले, हो, माझी आई आहे. आजीला जाऊन सहा वर्षं झाली होती. आई एका वॉश बेसिनकडे फार लक्ष देऊन बघायला लागली.

मग पीव्हीसीचा दरवाजा. दुकानदारानं कडी, कोयंडा, मूठ असं सगळं काउंटरवर मांडलं. बाबांनी आतली कडी उचलून बाजूला सारली.

"ही नको."

"साहेब, बाथरूमला आतून कडी नको? पाहुणेरावळे येतात." दुकानदार हसला. "बाहेरून लावून घेणार का आजींना?"

बाबाही हसले. मला टाइल्सचा रंग विचारला गेला. मी पांढरा म्हणाले, कारण तो पटकन म्हणता येत होता.

मिस्त्री शेजारच्याच बोनकोडे गावचे होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे, सोबत त्यांची बायको डबर उचलायला. पहिल्या दिवशी त्यांनी गीझर उतरवून बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवला. दुसऱ्या दिवशी टाइल्स फोडायला घेतल्या. मी दारात चहा घेऊन उभी होते तेव्हा ते छताकडे बघत होते. गीझरच्या वर एक काळा पट्टा होता, हाताएवढा रुंद. मग त्यांनी खिडकीकडे बघितलं. काचेच्या आडव्या पट्ट्यांची ती छोटी खिडकी, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत चिकटवलेला ब्राउन पेपर.

"ताई, या झरोक्याला कागद कुनी लावला?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

कागद मी लावला होता. समोरच्या बिल्डिंगच्या जिन्याचा कट्टा त्या खिडकीसमोर यायचा, आणि खडबडीत काचेतून तिथे रोज सकाळी एक उंच, पांढरी आकृती दिसायची. बनियन घातलेला माणूस उभा असावा तशी. हलायची नाही. मी केव्हाही आंघोळीला गेले तरी ती असायचीच. हे घरात सांगायचं म्हणजे आधी खूप काही सांगावं लागलं असतं. म्हणून दिवाळी झाल्यावर एका दुपारी, घरात कुणी नसताना, शाळेत पुस्तकांना घालायचे तसा ब्राउन पेपर कापून मी नीट, एकही फट न ठेवता, खळीनं चिकटवला. तेव्हा पट्ट्यांच्या खाचांत आधीच काहीतरी वाळलेलं, पांढुरकं लागलं. रंगाचं असेल असं मला वाटलं. कागद नवा आहे हे घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मिस्त्रींनी दार ओढून घेतलं आणि आत बिडी पेटवली. थोड्या वेळानं बाहेर आले तर धूर त्यांच्या मागे तसाच लोंबकळत होता, कुठेच जात नव्हता. संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले तेव्हा मिस्त्री त्यांना म्हणाले, "साहेब, आमच्या गावात येक जन थंडीत कोलशाची शेगडी घेऊन झोपला व्हता, दार लावून. सकाली उठलाच नाय. पोरीला काय झालंय ना, मना तसाच वाटतंय."

बाबांना मिस्त्रींना घरातलं कळलंय याचाच राग आला असावा. डॉक्टर एमडी आहेत, असं ते म्हणाले. खिडकी आधीच्या लोकांनी बंद केली ते बरंच केलं, असंही म्हणाले. आता ती विटा लावून बुजवूनच टाका आणि त्यावर टाइल घ्या, मुलीच्या दृष्टीनंही बरं. गीझर पुन्हा त्याच जागी लावा.

मिस्त्रींनी मान हलवली. घर साहेबांचं होतं.

मी बाल्कनीत गेले. गीझर भिंतीला पाठ करून नव्हता, मिस्त्रींनी तो तोंडाकडून टेकवला होता, त्यामुळे त्याची मागची बाजू मला पहिल्यांदा दिसली. तिथे एक स्टिकर होता, कडेनं करपलेला, बारीक इंग्रजी अक्षरांचा. आमच्या घरात असलं इंग्रजी सरळ वाचणारी मी एकटीच. इन्शुरन्सचे कागद, नोटिसा, सगळं वाचायला माझ्याकडे यायचं. मी खाली बसून वाचलं. हवा खेळती नसलेल्या खोलीत हे उपकरण लावू नये. खिडकी कधीही बंद करू नये. त्याखाली आणखी एक ओळ होती, चक्कर, बेशुद्धी आणि मृत्यू या तीन शब्दांची. ते तीन शब्द वाचताना पाठीमागे पुन्हा तेच कुणीतरी उभं राहिल्यासारखं वाटलं, मला हळूच खाली बसवणारं. मी तर आधीच बसलेली होते.

आत मिस्त्री दुसऱ्या दिवशीसाठी विटा रचत होते. मी गप्प राहिले असते तरी कुणाला कळलं नसतं. खिडकीच्या जागी विटा आल्या असत्या, बाहेर स्टुलावर आई, आत मी.

मी हॉलमध्ये जाऊन म्हणाले, "बाबा, तो कागद मी लावला होता."

"कधी?"

"दिवाळीनंतर. पहिल्यांदा पडले त्याच्या आधी चार दिवस."

का लावला, ते त्यांनी विचारलं नाही. त्याबद्दल मी अजूनही त्यांची आभारी आहे. ते उठून बाल्कनीत गेले, मी स्टिकरवरचं वाचून दाखवलं, त्यांनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग आई आतून बाहेर आली आणि जमिनीकडे बघत, बोटांवर हिशोब करत बसली. आई-बाबा दोघं सकाळी एकेक बादली भरून गीझर बंद करायचे आणि पाच मिनिटांत बाहेर यायचे. मी सर्वांत शेवटी जायचे, आणि केसांसाठी तो चालू ठेवायचे.

"इटा राहू द्या," बाबा मिस्त्रींना म्हणाले. मिस्त्रींची बोली त्यांच्या तोंडी मी तेवढी एकदाच ऐकली.

सकाळी खिडकीच्या पट्ट्या निघाल्या. माझा ब्राउन पेपर सोलून आला, आणि खाचांमध्ये त्याच्याखाली दुसरा कागद होता. जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या, खळीनं लावलेल्या, वर काही तारखांचे लाल आकडे. वरचा भाग कुणीतरी, बहुधा घर विकताना, ओढून काढला होता, पण खाचांतला राहिला होता. तोही फार नीट कापलेला होता. एकही फट न ठेवता.

मोकळ्या चौकटीतून मी समोर बघितलं. जिन्याच्या कट्ट्यावर एक जुना, दार नसलेला फ्रिज उभा होता. पांढरा, माणसाएवढा.

गीझर बाल्कनीच्या बाहेरच्या भिंतीवर गेला आणि खिडकीत पंखा बसला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत, पण गोळ्या सावकाश कमी करत बंद केल्या. मी पुन्हा कधी पडले नाही. मी काकूंना विचारलं, त्या सुनेचं माहेर कुठलं? त्यांना माहीत नव्हतं. देशावर कुठेतरी, म्हणाल्या. आधीच्या लोकांच्या नव्या पत्त्यावर बाबांनी एक पत्रही टाकलं, स्टिकरवरचा मजकूर मराठीत लिहून. उत्तर आलं नाही.

काम संपलं त्या दिवशी बाबांनी शोकेसच्या खणातून ती पुडी काढली. नवीन कडी आणली नव्हती. जुनीच, त्याच चार स्क्रूंनी, नव्या दाराला आतून बसवली. मी आत गेले, कडी लावली आणि पांढऱ्या टाइल्सकडे पाठ करून बराच वेळ नुसती उभी राहिले.

आईची सवय मात्र गेली नाही. आता ती स्वयंपाकघरातूनच हाक मारते. मी लगेच उत्तर देत नाही. नळ बंद करते, एक क्षण थांबते, माझ्याआधी कुणी "ओ" देतं का ते ऐकते. मग देते.