माळ कुणाला, कुंकू कुणाला

कोणती वस्तू टिकेल आणि कोणती जाईल, हे माझ्या मावससासऱ्यांइतक्या ठामपणे सांगणारा माणूस नाशिक जिल्ह्यात नसावा. त्यांच्याइतका चुकणाराही नसावा. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा मळा होता. दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना ते निकाल देत: टिकणाऱ्या यंत्राला माळ, जाणाऱ्याला नुसते हळदीकुंकू. कसोटी एकच होती. "ज्याच्यापायी चार माणसं दारात येतात ते टिकतं, जावईबापू. एकट्यानं वापरायचं ते जातं." या न्यायाने रविवारी वस्ती गोळा करणाऱ्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला माळ मिळे आणि मिक्सरला कुंकू. "बरं," मावशी एकदा म्हणाल्या, "उद्यापासून चटणी तुम्हीच वाटा पाट्यावर." तेव्हा मिक्सरला एक सुटे फूल देण्यात आले. मार्केट यार्डातला पुतण्या कमरेला पेजर लावून आला, त्यालाही कुंकूच मिळाले. ते भाकीत खरे ठरले. कारण मात्र निराळे होते.

सर्वांत जाड माळ फोनला असे. सहा वर्षे नंबर लावून तो आला होता आणि ओसरीवर, दाराकडे तोंड करून ठेवला होता. आसपासच्या सगळ्या मळ्यांनी पाहुण्यांना हाच नंबर दिलेला. फोन आला की मावससासरे बांधावर जाऊन हाक मारत. ज्याचा फोन असे तो धावत येई, बोलून झाल्यावर चहाला थांबे आणि निम्मी बातमी पुन्हा सांगे. मोबाइल आले तेव्हा त्यांनी ते साफ निकालात काढले. "लय दिवस नाय चालायचं हे. माणूस बांधावर एकटाच हातवारे करतो. येडा दिसतो."

पुढे हाक मारायला कुणी उरले नाही. मुलाने फोन बंद करण्याचा अर्ज आणला. "बाबा, महिन्यातून एकदा वाजतो तो." त्या दसऱ्याला मावससासऱ्यांनी मुलाच्या मोबाइलला माळ घातली आणि फोनला कुंकू लावून ते बाजूला झाले.

"अहो, फोनची माळ राहिली," मावशी म्हणाल्या.

"राहिली नाय. जाणार तो."

एवढे बोलून ते गोठ्याकडे गेले. अर्जावर सही मात्र केली नाही. दहा-बारा दिवसांनी मी गेलो तेव्हा अर्ज फोनखालीच पडून होता. मुलगा पेनाचे टोपण काढून समोर बसला होता आणि मावससासरे चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो. नाय, इथं कोणी पोपट नाय. तुम्ही कुठून? नांदगाव? मका काढला का?"

मक्यावरून बोलणे पावसावर आणि पावसावरून पलीकडच्या माणसाच्या मुलीच्या लग्नावर गेले. मावशींनी चहा आणला, तो निवला. मुलाने पेनाला टोपण लावले, अर्जाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मावससासऱ्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

"कोण हो?" त्यांनी फोन ठेवल्यावर मावशींनी विचारले.

"राँग नंबर," ते म्हणाले. "माणूस चांगला हाय. परत चुकलो तर बोलू म्हणला."