एक्स खाली, तीन वरच

लग्न झालं तेव्हा सुमित्राबाई गणितात एम.एस्सी. होत्या आणि बळवंतराव केंद्र सरकारच्या नोकरीत. पुढे बळवंतरावांच्या बदल्या होत गेल्या आणि बाईंच्या नोकऱ्या सुटत गेल्या. भोपाळची सुटली, शिलाँगची सुटली, हैदराबादची तर रुजू व्हायच्या आधीच सुटली. बाईंनी कधी तोंडातून ब्र काढला नाही. ट्रंका भरण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

१९७८ साली दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं आणि जवळच्या शाळेत बाई कायम झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच! स्वारी हवेत होती. तेवढ्यात बळवंतराव गुवाहाटीची ऑर्डर घेऊन आले. "चलो, पॅकिंगला लाग," एवढंच म्हणाले. बाईंनी राजीनामा द्यायचं निमूटपणे मनाशी ठरवून टाकलं.

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरची अहिल्या गणित विचारायला आली. नववीतली पोर. उणे घात असलेलं पद खाली छेदात नेलं की घात अधिक होतो, एवढं तिला पाठ होतं. पण 3x⁻² चं तिनं 1/(3x²) करून ठेवलं होतं.

"अगं, तीनला कशाला ओढलंस खाली?"

"काकू, तो एक्सला चिकटलाय ना? एक्स निघाला तर तोही जाणार, बिल्कुल!"

सरकारी क्वार्टरात वाढलेल्या मुलीला दुसरं काय सुचणार? बाबा निघाले की आई, भांडीकुंडी, शिलाई मशीन, सगळं मागोमाग जाताना तिनं जन्मभर पाहिलेलं.

"बरं, हा उणे दोन कुणाच्या डोक्यावर बसलाय?" बाईंनी विचारलं.

"एक्सच्या."

"म्हणजे बदलीची ऑर्डर एक्सच्या नावाची. तो खाली जाईल आणि उणे दोनाचे अधिक दोन होतील. तीनला ऑर्डर नाही. तो वरच राहील."

"आणि दोघांना न्यायचं असेल तर?"

"तर दोघं कंसात हवेत. मग तीनचाही वर्ग होतो, खाली नऊ येतात. पण कंस दिलेला असेल तरच. आपल्या मनानं घालायचा नाही."

बोलता बोलता बाई थबकल्या. आपल्याभोवती कंस कुणी घातला होता? बळवंतरावांनी कधी विचारलं नव्हतं, आणि आपणही कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. अहिल्या मात्र 3/x² लिहून, "अच्छा, इतकं सोपं!" म्हणत जिन्यावरून पळाली.

जेवताना वरण वाढता वाढता बाईंनी सांगून टाकलं, "मी येत नाही गुवाहाटीला. शाळा सोडणार नाही मी."

बळवंतरावांचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी तिथं एकटा?"

"ऑर्डर तुमच्या नावाची आहे."

बळवंतरावांनी घास परत ताटात ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मला साधा भातसुद्धा लावता येत नाही गं."

बाईंनी त्यांच्या भातावर आणखी वरण वाढलं. "जायच्या आत शिकवते," त्या म्हणाल्या, "पण येणार नाही."