स्काडी राक्षसीण होती का?

उत्तरा खांबेटे नागपूरला संस्कृत घेऊन एम.ए. झाल्या आणि लग्नानंतर मिशिगनला येऊन तीस वर्षं मोटारींच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज तपासत बसल्या. निवृत्त झाल्यावर तिथल्याच ट्रॉय गावातल्या मराठी शाळेत रविवारी शिकवू लागल्या.

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनासाठी त्यांनी एक नाटुकलं लिहिलं. गोष्ट उत्तर युरोपातली. देवांनी बापाला ठार मारलं म्हणून स्काडी नावाची मुलगी चिलखत चढवून एकटीच देवांच्या दारात येते. देव वरमतात. म्हणतात, ‘आमच्यातला एक नवरा निवड, पण फक्त पाय बघून.’ ती सगळ्यात देखणे पाय निवडते आणि पदरात पडतो भलताच देव!

तालमीत स्काडी झालेली अकरा वर्षांची अनिका अडली. “काकू, तुम्ही राक्षसीण लिहिलंय. पण ती बिग कुठे आहे? देवाशी लग्न करते. सेम साइज! आणि मारामारी तर देवांनीच केली ना?”

काकूंनी इंग्रजी पुस्तकातल्या ‘जायंट’चं सरळ राक्षस करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या लायब्ररीत गेल्या. मूळ शब्द निघाला ‘योटुन’, देवांहून वेगळं असं एक कुळ. त्यांच्यातले काही अवाढव्य, तर काही अशा रूपवती की देवांनी त्यांच्यासाठी झुरावं. मुख्य देवाची आईसुद्धा त्यांच्याच कुळातली! आणि शब्दाचं मूळ? बहुधा ‘खाणं’. इंग्रजी ‘ईट’चा नातलग. काकू खुर्चीत ताठ बसल्या. म्हणजे आपला संस्कृतातला ‘अद्’ धातू!

त्यांनी विद्यापीठात जुनी नॉर्स, म्हणजे या गोष्टीची मूळ भाषा, शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेला ईमेल केली. उत्तर आलं: ‘ईट आणि अद् एकाच मुळाचे, हे नक्की. योटुनही त्यातलाच असावा असं बऱ्याच जणांना वाटतं, पण खात्री कुणालाच नाही. तुम्हाला काय वाटतं?’

ही शेवटची ओळ काकूंनी पुन्हा पुन्हा वाचली. अमेरिकेत आल्यापासून संस्कृतातलं त्यांचं मत कुणी विचारलंच नव्हतं.

“खादाड म्हण की सरळ,” नवरा सुमंत म्हणाला.

“अन्न हा शब्दही त्याच धातूचा. मग खादाड कसं म्हणू?”

कार्यक्रमाचा संयोजक राजीव कुरकुरला, “काकू, योटुन कुणाला कळणार? राक्षसीण ठेवा ना, सिंपल.”

“नाही कळलं तर विचारतील.”

आणि खरंच विचारलं. नाटुकलं संपल्यावर जेवणाच्या रांगेत लोकांनी काकूंना घेरलं. एका निवृत्त डॉक्टरांनी तर विचारलं, “मग आपले राक्षस तरी मूळचे कोण हो?”

“माहीत नाही,” काकू म्हणाल्या. “बघायला हवं.”

या सप्टेंबरात, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी त्याच प्राध्यापिकेच्या जुन्या नॉर्सच्या वर्गात नाव घातलं. बाकीची मुलं विशीतली. पहिल्या चाचणीत काकूंची निम्मी क्रियापदं चुकली. पुढच्या तासाला त्या अर्धा तास आधीच जाऊन पहिल्या बाकावर बसल्या.